शेतातल्या घराच्या राखणीसाठी बारा बोर बरी की रिव्हॉल्व्हर?

कपाशीवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमचं घर गावठाणात नाही, दारव्हा तालुक्यात शेतातच बांधलेलं आहे. शेजारची वस्ती हाकेच्या टप्प्यात येत नाही, मध्ये नाला आणि दोघांच्या तुरी. घरात आई-बाबा, बायको, मुलगी नववीत, मुलगा चौथीत. वेचणी झाली की पडवी कापसानं भरलेली असते, सोयाबीनची पोती आतल्या खोलीत, आणि खाजगी व्यापाऱ्याला माल दिला की रोख रक्कम एखाद-दोन रात्री घरातच राहते. हे अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक असतं.

मागच्या महिन्यात आमच्याच शिवारात एका वस्तीवर रात्री चौघे घुसले. म्हाताऱ्याला खाटेला बांधलं, म्हातारीच्या अंगावरचं सोनं उतरवून नेलं. तेव्हापासून आई दिवेलागणीलाच कडी लावून बसते. त्यात हरभऱ्यात डुकरं आणि रोही (नीलगायी) पडतात म्हणून मला जागलीला जावं लागतं. म्हणजे नेमका रात्रीच मी घरी नसतो.

बाबांकडे जुनी बारा बोरची दुनाळी आहे. परवाना त्यांच्या नावावर, वेळच्या वेळी नूतनीकरण केलेला. पण बाबा ७२ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. एक मित्र म्हणतो, लांब बंदूक घरात फिरवता येत नाही, बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घे. दुसरा पंप अ‍ॅक्शनवर, म्हणजे हातानं पंप ओढून काडतूस चढवायच्या बंदुकीवर, अडून बसलाय. ज्यांच्या घरी परवान्याचं हत्यार आहे त्यांनी अनुभवाचं सांगावं.

गावरान_अकोट

भाऊ, पयले दोन गावठी कुत्रे पाळा. बंदुकीचं मंग पाहू.

संत्रावाला_वरुड

माझ्याकडे दोन्ही आहेत, बारा बोर आणि कानपूर फॅक्टरीचं पॉइंट ३२. घराच्या राखणीसाठी विचाराल तर रिव्हॉल्व्हरचा नाद सोडा.

आखूड नळीच्या हत्याराला हाताचा सराव लागतो. रेंजवर, दिवसाउजेडी, कोणी अंगावर येत नसतानाही गोळी चार बोटं इकडेतिकडे जाते. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचं काय होईल याचा विचार करा. सरावाला काडतुसं लागतात आणि तीही परवान्यावर मोजून मिळतात, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची ते लिहिलेलं असतं. वर किंमत लाखाच्या घरात. मी रिव्हॉल्व्हर घेतलं ते संत्र्याच्या तोडीचे पैसे घेऊन रात्री-बेरात्री गाडीनं यावं लागायचं म्हणून. घरात मात्र हात बारा बोरकडेच जातो. ती खांद्याला टेकते, दोन्ही हातांत असते आणि दारात उभ्या माणसाला दुरूनही दिसते.

पंप अ‍ॅक्शन चांगलीच आहे, पण ती सतत हातात असणाऱ्याची बंदूक. घाईत पंप अर्धाच मागे ओढला की काडतूस अडकतं. दुनाळीत अडकायला काही नाही. मोडायची, दोन भरायची, मिटायची.

धानाचा_पट्टा

वरुडकर, पण दोनच बार. चौघे आले तर?

संत्रावाला_वरुड

आत येणाऱ्या चौघांना पहिल्या आवाजातच कळतं की या घरात बंदूक आहे. चोर कापूस न्यायला येतो, लढाई करायला नाही. ज्याला दोन बारांनीही फरक पडत नाही अशी टोळी आली तर सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हरही पुरणार नाही. तिथे दार भक्कम असणं आणि फोन लागणं हेच कामाचं.

माजी_हवालदार

नोकरीतली बरीच वर्षं मुख्यालयाच्या शस्त्रागाराला काढली, म्हणून लिहितो. नवं काय घ्यावं याआधी बाबांची जुनी बंदूक नीट तपासा.

नळी मोडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून पाहा. रिकामी आहे असं कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, सांगणारे बाबा असले तरी. नंतर नळी उजेडाकडे धरून आतून बघा. आतली भिंत लखलखीत दिसली पाहिजे. काळे ठिपके, खड्डे किंवा एखाद्या जागी वळसा दिसला तर परवानाधारक कारागिराला दाखवल्याशिवाय बार काढू नका. मिटलेली बंदूक दस्त्याला धरून हलकेच हलवा. सांध्यात खेळ जाणवला तर तीही दाखवायची.

आता महत्त्वाचं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या दुनाळींचं घर अडीच इंची म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. बाजारात ७० मिलिमीटरची काडतुसंही मिळतात. ती जुन्या बंदुकीत जातात, बंदूक मिटतेसुद्धा, म्हणून माणूस फसतो. पण बार झाला की काडतुसाचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब भलताच वाढतो. नळीच्या खालच्या बाजूला आकडा कोरलेला असतो, तो वाचा आणि तेवढंच काडतूस घ्या.

घरात जुनी कागदी काडतुसं असतील तर ती मोजून परत करा. पावसाळ्यात कागद फुगतो, पितळी बुडावर हिरवट चढतं. फुगलेलं काडतूस निम्मं जाऊन अडतं, आणि माणूस तळहातानं ठोकून आत सारतो. असं ठोकताना मी लोकांना पाहिलंय. बुडावर ठिणगी पाडणारी टोपी असते हो! खडकीच्या फॅक्टरीची प्लास्टिकची काडतुसं घ्या, खरेदीची नोंद परवान्यावर करून घ्या.

आणि एलजी-एसजी, म्हणजे मोठ्या छर्र्याची काडतुसं, घराच्या आत नको. मोठा छर्रा टिनाच्या पत्र्यातून आणि कुडाच्या भिंतीतून पार जातो. पलीकडच्या खोलीत तुमचीच मुलं झोपलेली असतात.

गावरान_अकोट

हवालदार साहेब, लय कामाचं लिहिलं. आमच्या आज्याची बंदूक तशीच खुंटीले लटकून हाये. उद्याच आकडा पायतो.

माजी_हवालदार

खुंटीला? आधी खाली काढा आणि कुलपात ठेवा. आणि परवाना कोणाच्या नावावर आहे?

गावरान_अकोट

आज्याच्याच. आजा जाऊन लय दिवस झाले.

माजी_हवालदार

मग आकडा वगैरे नंतर. परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसानं स्वतःचा परवाना काढावा लागतो. तुम्ही आज बिनपरवाना हत्यार बाळगून बसला आहात. स्वतः होऊन ठाणेदारांना भेटा, जुना परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत न्या. उद्यावर टाकू नका. जाण्याआधी एखाद्या वकिलाशी बोलून घ्या.

वकीलभाऊ_यवतमाळ

हवालदारसाहेबांशी सहमत. आता मूळ प्रश्नाची कायद्याची बाजू मांडतो, कारण ती निवडीवरही परिणाम करते.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ पाहा. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर कायदा अर्जदाराकडे जरा मोकळेपणानं बघतो. गरज पटली आणि नकाराचं दुसरं कारण नसलं तर परवाना द्यावा, असा त्याचा रोख आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं, ‘जिवाला धोका’ कागदोपत्री पटवावा लागतो. त्यामुळे ग्रामीण भागात बारा बोरचा अर्ज टिकतो आणि रिव्हॉल्व्हरचा फेटाळला जातो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जिल्हादंडाधिकारी म्हणून जातो, नागपूर-अमरावती शहरात पोलीस आयुक्तांकडे. २०१६ च्या नियमांनुसार सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणि घरात हत्यार ठेवायची सुरक्षित सोय हेही पाहिलं जातं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात.

दुसरी गोष्ट, गोळी कधी झाडता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात खाजगी संरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. दरोडा पडत असेल, किंवा सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घर फोडून आत शिरत असेल, तर मालमत्ता वाचवताना समोरच्याचा मृत्यू झाला तरी हा हक्क लागू पडू शकतो, ते कलम ४१. पण कलम ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. शेतातून मोटारीची केबल कापून पळणाऱ्याच्या पाठीत बार टाकला, तर तो बचाव नाही. ती साधी चोरी आहे आणि तुमच्या जिवाला धोका नव्हता. त्यात तुम्ही आरोपी.

रानवारा_आर्णी

वकीलसाहेब, माफ करा, पण हे वाचून राग आला. आमच्या विहिरीवरची केबल दर हंगामात जाते. तक्रार द्यायला गेलं की पावती मिळते, केबल मिळत नाही. ओलीत थांबलं की गहू करपतो आणि त्याला जबाबदार कोणी नाही. वर शेतकऱ्यानंच कलमं पाठ करायची? अंधारात समोरचा चोरी करायला आला की जीव घ्यायला, हे मी कसं ओळखायचं?

वकीलभाऊ_यवतमाळ

राग रास्त आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आहे. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की संकटात सापडलेल्या माणसानं तराजूत तोलून प्रतिकार करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, धोक्याची वाजवी भीती पुरेशी आहे. म्हणजे घरात घुसलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड होती की काठी, हे तुम्हाला अंधारात ओळखता आलं नाही म्हणून हक्क जात नाही. पण विहीर म्हणजे घर नव्हे, आणि पळणारा माणूस म्हणजे चालून येणारा नव्हे. केबलसाठी खुनाचा खटला अंगावर घेऊ नका. खटला चालेल तोवर ओलीत कोण करणार?

रानवारा_आर्णी

हे पटलं. पण केबलचं दुखणं तसंच राहिलं.

धानाचा_पट्टा

आमच्या सिंदेवाहीकडे माणसांपेक्षा वाघाची धास्ती जास्त. बंदूक असती तर बरं झालं असतं असं कितीदा वाटतं. सकाळी मोह वेचायला जाणाऱ्या बायका, गुराखी, सगळे जीव मुठीत धरून जातात.

जंगलवाट

धानभाऊ, वाघ-बिबट्यासाठी बंदूक हा विचारही मनातून काढा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ११ स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा मानत नाही, हे खरं. पण ते सिद्ध करणं तुमच्यावर येतं. राळेगाव तालुक्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली, ती तर सरकारी मोहिमेत. तरी प्रकरण किती दिवस गाजलं ते आठवा. आणि छर्र्यानं जखमी झालेला वाघ गावाला जास्त महागात पडतो. सकाळी एकटं न जाणं, गावात पीआरटीची (वनविभागाच्या प्राथमिक प्रतिसाद दलाची) पोरं असतील तर त्यांना आधी कळवणं, गोठा बंदिस्त करणं, यानं जीव वाचतात.

डुकराचंही तेच, परस्पर बार टाकायचा नाही. वनविभागाच्या परवानगीची रीत आहे, तिच्यातूनच जायचं.

धानोऱ्याचा

आमच्या गडचिरोलीत बंदुकीची गोष्टच वेगळी. पूर्वी घराघरात भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, असायची, शिकारीची आणि राखणीची. नक्षलवादी गावात आले की पहिल्यांदा तीच मागायचे, आणि ती घरात आहे म्हणून पोलीसही विचारायचे. दोन्हीकडून जाच. शेवटी कितीतरी गावांनी भरमार पोलिसांकडे जमा केल्या. मला दारव्हेकरांना एवढंच विचारायचंय, तुमच्याकडे बंदूक आहे हे कळल्यावर चोर येणार नाही, की बंदूकच चोरायला येईल?

कपाशीवाला_दारव्हा

धानोरेकर, खरंच हा विचार केला नव्हता. दिवसा घर रिकामं असतं, सगळे शेतात.

फटाका_दिग्रस

भाऊ, सरळ सांगतो, एवढी कागदं कशाला? पाहिजे ते हत्यार स्वस्तात मिळते, कोणाले पत्ता लागत नाही.

माजी_हवालदार

फटाकाभाऊ, हे इथे लिहूही नका. कट्ट्याची नळी फुटून बोटं गेलेली माणसं मी दवाखान्यात पाहिली आहेत. बिनपरवाना हत्याराला २०१९ नंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, आणि त्यानं घर वाचवलं तरी आधी हातकडी घरमालकालाच पडते. संपादकांनी वरचा प्रतिसाद उडवावा.

गुरुजी_वाशिम

हवालदारांना शंभर टक्के पाठिंबा. जाता जाता: बाराती आणि बंदूक ही जोडीही बंद करा. वरातीत, विजयाच्या मिरवणुकीत हवेत बार काढला आणि लोकांच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या भागातला एक मामा म्हणायचा, बार नाही तर लग्न कसलं. आता भाच्याच्या लग्नात तोच ताशावाल्यांना सांगतो, जोरात वाजवा रे, बारचीही कसर भरून काढा!

शिक्षिका_पुसद

इतके प्रतिसाद वाचले, पण एक गोष्ट कोणी विचारली नाही. दादा, रात्री तुम्ही जागलीला. बाबांना नीट दिसत नाही. मग ही बंदूक उचलणार कोण? वहिनी. त्यांनी ती कधी हातात घेतली आहे का? परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे कायद्यानं त्यांनी ती वापरायची नाहीच.

माझे मिस्टर बदलीच्या गावी असतात, मी आणि सासूबाई दोघीच राहतो. आम्ही बंदूक नाही घेतली. पुढच्या दाराला आतून आडणा बसवला, मागच्या दाराचे कडीकोयंडे बदलले. उंच खांबावर सोलरचा दिवा लावला आणि हातानं फिरवायचा भोंगा आणला, जो वाजवला की चार वस्त्यांना ऐकू जातो. शेजारच्या तिन्ही घरांशी ठरलंय: भोंगा वाजला की आपापले दिवे लावायचे, ११२ ला फोन करायचा, आणि पुरुष माणसांनी एकट्यानं नाही, मिळून निघायचं. सासूबाईंना सरावासाठी वाजवायला दिला तर पहिल्या फेरीतच गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. पण सगळे आले, पायात चप्पल नसलेले सुद्धा.

गावची_आशा

पुसदच्या ताईंना धरूनच लिहिते. मी आशा म्हणून घरोघरी फिरते. आपल्या भागात कर्जानं, नापिकीनं खचलेली माणसं किती घरांत आहेत हे मला माहीत आहे. कोणाकडे बोलत नाहीत, जेवण कमी होतं, रात्र रात्र बाजेवर बसून राहतात. फवारणीचं औषधसुद्धा कुलपात ठेवा म्हणून मी गळा सुकवते. अशा घरात भरलेली बंदूक कपाटावर आहे, या कल्पनेनंच पोटात गोळा येतो. चोर वर्षानुवर्षं येणार नाही, पण वाईट रात्र घरातल्याच माणसाची असू शकते. बंदूक ठेवणारच असाल तर बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे. घरात कोणी खचलं असेल तर ती विक्रेत्याकडे ठेवायला द्या. आणि त्या माणसाशी बोला, दवाखान्यात न्या. यात लाज नाही.

संत्रावाला_वरुड

ताई, तुमचं मनाला लागलं. एक अडचण फक्त मांडतो, दोन कुलपं आणि दोन किल्ल्या असतील तर दार फुटत असताना बंदूक हातात येणार कधी?

माजी_हवालदार

म्हणूनच दार लवकर फुटू नये. पुसदच्या ताईंचा आडणा तोच वेळ मिळवून देतो. कुत्रं भुंकतं, दिवा लागतो, आडणा धरतो, तेवढ्यात कुलूप उघडतं. लहान मुलं असलेल्या घरात भरलेली बंदूक उशाशी ठेवा असं मी कोणालाही सांगणार नाही. चौथीतलं पोरगं कपाटाची किल्ली कुठे असते हे आईच्या आधी शोधून काढतं.

कपाशीवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बायकोला धागा वाचून दाखवला. पुसदच्या ताईंचा प्रश्न वाचला तशी ती म्हणाली, ‘हे तुम्ही मला का नाही विचारलं?’ तिचं म्हणणं असं की बंदूक राहू द्यायची असेल तर ती शिकायला तयार आहे, पण परवाना तिच्या नावावर हवा. रिव्हॉल्व्हरचा विषय आमच्याकडे संपला. रोख रकमेचंही ठरवलं, जमेल तेवढा कापूस सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर द्यायचा, पैसे सरळ खात्यात येतात. व्यापाऱ्यालाही खात्यावरच टाकायला सांगणार.

आता विचारायचं ते हे: बाबा हयात असताना सुनेच्या नावावर परवाना होतो का? आणि निवडणुकीत बंदूक जमा करावी लागते, त्याचं काय? २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा बाबांची बंदूक ठाण्यात होती. नेमकी विधानसभेची निवडणूक कापूस घरात यायच्या दिवसांत.

वकीलभाऊ_यवतमाळ

होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ पाहा. परवानाधारकानं वयाची सत्तरी गाठली, किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो हयातीतच वारसाच्या नावे परवाना देण्याची विनंती करू शकतो. वारसांत सूनही येते. बाबांचा अर्ज, सूनबाईंचा स्वतंत्र अर्ज, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. तुम्हाला बहीण-भाऊ असतील तर त्यांचंही घ्या. सूनबाईंचं वय २१ च्या वर हवं, पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण त्यांनाही लागेल. परवाना हातात येईपर्यंत बंदूक बाबांचीच, त्यांच्याच ताब्यात.

निवडणुकीचं म्हणाल तर कोणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. शेतात एकटं घर, शिवारात अलीकडेच पडलेला दरोडा, ही कारणं लेखी देऊन सूट मागा. मिळेलच असं नाही, पण अर्ज केल्याशिवाय विचारही होत नाही. त्या दरोड्याच्या गुन्ह्याचा नंबर अर्जात जरूर टाका.

शिक्षिका_पुसद

वहिनींना माझा नमस्कार सांगा. भोंगा कुठून घेतला ते वैयक्तिक निरोपात कळवते.

गावरान_अकोट

हवालदार साहेब, आज ठाण्यात जाऊन आलो. वकिलाले संगं नेलं होतं. बंदूक जमा केली, पावती भेटली. आता माह्या नावानं अर्ज करतो. दारव्हेवाले भाऊ, कुत्र्याचं पक्कं करा, आमच्या कुत्रीले पाच पिल्लं झाले हायेत, दोन तुमचे.

माजी_हवालदार

शाबास. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि कंपनीचं नाव बरोबर चढलंय का ते आजच ताडून घ्या, आकडा चुकला तर परत घेताना फार फिरावं लागतं. दारव्हेकर, नूतनीकरणाच्या तारखेकडेही लक्ष असू द्या. हस्तांतराचा अर्ज पडून असताना बाबांच्या परवान्याची मुदत संपली तर दोन्हीकडून अडकाल.